चरबी काढलेला पंगस

मासा कापणं ही विद्या आहे असं मी म्हणालो की शिकलेली माणसं हसतात. हसू देत. मी चौथीत शाळा सोडली आणि गणेश पेठेतल्या मासळी बाजारात वडिलांच्या ठोकळ्यासमोर बसलो, तो गुडघे गेले तेव्हाच उठलो. तेवढ्या काळात माझ्या कापण्याबद्दल एकाही गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं नाही. कुणी केलं असेल तर तो मासा शेजारच्या गाळ्यावरचा असणार.

त्यातही पंगस कापावा तो मीच. पंगस म्हणजे तळ्यात पाळायचा मासा. अंगावर खवले नाहीत, मांसात बारीक काटे नाहीत, त्यामुळे ज्यांना मासा खाता येत नाही त्यांना तो फार आवडतो. मोठ्या हॉटेलात नाव बदलून येतो आणि माणसं समुद्राकडं गेल्यासारखी खातात. त्याचा दोष एकच. पोटाकडं बोटभर जाडीची पिवळी चरबी असते आणि तिला वास येतो. आमच्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला मासा पाहिजे असतो, पण वास नको असतो. कोथरूडची काही मंडळी तर मासा पिशवीत तळाला आणि वर मेथीची जुडी ठेवून नेत. "अहो, चरबीचा ठिपका राहायला नको हं," असं बजावत. राहायचा नाही. कातडी सोलायची, पोटाची कड उतरवायची, मणक्याजवळची तांबडी पट्टीसुद्धा काढायची. मग खाली राहतं ते सायीसारखं पांढरं मांस. लोक लांबून माझ्याकडं येत ते त्यासाठी.

या मेथीच्या जुडीवाल्यांतच एक साहेब होते. कोथरूडला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची तपासणीची लॅब होती. वरच्या मजल्यांवर दहावी-बारावीचे क्लास. लॅबमध्ये दूध, मसाले, द्राक्षं, विहिरीचं पाणी असं सगळं तपासायचे. मग तळ्यातले मासे आणि त्यांचं खाद्यही येऊ लागलं. अडचण अशी झाली की मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या त्या सगळ्या माणसांत मासा हातात धरणारं एकही निघालं नाही. निम्मे शाकाहारी, आणि उरलेले फक्त ताटात आल्यावर मांसाहारी.

साहेब माझ्याकडं आले. "काका, बसून काम आहे. आठवड्यात चार-सहा मासे. कापायचे, खिमा करायचा, बरणीत भरायचा."

गाळा तोवर मुलाकडं गेला होता. घरी बसून मी आमच्या मंडळींना स्वयंपाक शिकवायला लागलो होतो, त्यामुळं मला बाहेर धाडायची घाई माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती. मी लॅबमध्ये जायला लागलो.

तिथं काय शोधतात ते मी पहिल्याच आठवड्यात समजून घेतलं. काही रसायनं अशी आहेत की ती नासत नाहीत. विजेच्या जुन्या डीपीतलं तेल, कधीकाळी शेतात मारलेली पावडर, कचरा जळताना निघणारा धूर, असलं काहीबाही. ते मातीत जातं, मातीतून पाण्यात, खाद्यात, खाद्यातून माशात आणि माशातून आपल्यात. तिथं मात्र कायमचा मुक्काम. पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखं. एकदा शिरलं की निघायचं नाव नाही.

मशीनवर एक मॅडम होत्या. फार हुशार, फार शांत आणि फार शाकाहारी. तोंडावर एक मास्क आणि त्यावर दुसरा मास्क. माझा ठोकळा मागच्या खोलीत होता. मासा आला की त्या काचेच्या दाराआडूनच विचारायच्या, "झालं का काका?" दार उघडून आत आलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. साहेब तर मागच्या खोलीकडं जाणाऱ्या बोळात वळतसुद्धा नसत.

माझ्या ठोकळ्यासमोरच्या भिंतीला एक चकचकीत कागद लावला होता. सगळा इंग्रजीत. त्याच्या खाली एक वही, तीत रोज सही करायची. वहीत मात्र मराठीत छापलेलं होतं, "वाचले व समजले." मी रोज झोकात सही करायचो. काय वाचलं ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगायला गेलो नाही.

आता एवढी मोठी लॅब, लाखमोलाचं मशीन, त्याला काय बाजारातल्यासारखं कसंतरी कापलेलं द्यायचं? मी माझ्या हातचं उत्तमातलं उत्तम द्यायचो. बरणी अशी पांढरीशुभ्र दिसायची की मॅडम एकदा काचेआडून म्हणाल्या, "काका, तुमचं सॅम्पल किती नीटनेटकं असतं!" मी म्हटलं, "सवय आहे." उरलेली डोकी आणि चरबी कागदात गुंडाळून घरी नेत असे. पंगसाच्या डोक्याचं कालवण टाकून देणारा माणूस माझ्या घराण्यात झाला नाही.

त्यानंतर एके दिवशी त्या ताई आल्या.

खराडीच्या पलीकडं त्यांचं गाव. गाव आता महापालिकेत गेलंय, पण ते गावाला अजून पुरतं कळलेलं नाही. चहूबाजूंनी टोलेजंग इमारती आणि मधे यांचं शेततळं. भाऊबंदांनी जमिनी बिल्डरला दिल्या आणि गाड्या घेतल्या. ताईंनी तळं खोदलं आणि पंगस सोडला. इमारतींतली माणसं शनिवार-रविवारी येऊन मासे घेऊन जात. तळं चालत नसेल तर तेवढाही तुकडा विकून टाकायचा असं घरात ठरलेलं, आणि दीर तर कागद घेऊन तयारच बसलेला.

त्यांनी खाद्याचं पोतं आणलं होतं. मागच्या खोलीत बेधडक येऊन माझ्यासमोर त्यातलं मूठभर धरलं.

"मामा, वास घ्या."

मी घेतला. जळक्या तेलाचा होता.

"डीपी फुटल्यावर येतो का न्हाई, तस्सा वास हाय. दोन महिनं हेच घातलं. ध्यानात आलं तवापासनं मी एक मासा इकला न्हाई. लोक गेटवर येत्यात, मी परत धाडती."

खाद्याचा रिपोर्ट वाईट आला. त्यात नको ते तेल होतं. ताई तो घेऊन खाद्यवाल्याकडं गेल्या. खाद्यवाला पक्का. म्हणाला, "पोतं उघडं होतं. त्यात तुम्हीच काय ओतलंत मला काय माहीत? आणि मासे चांगले असले तर तुमचं नुकसान काय?"

मॅडम म्हणाल्या, "मग माशालाच विचारू. पोत्यात कुणी काहीही मिसळेल, पण मासा दोन महिने जे खातो ते त्याच्या अंगात साठतं. तो साक्ष देईल." भांडण नको म्हणून लॅबचा माणूस स्वतः तळ्यावर गेला, जाळं टाकून मासे काढले, पिशव्यांना मोहर लावली. काही माझ्याकडं आले, दोन, पुन्हा तपासायची वेळ आली तर असावेत म्हणून, जोडीचे फ्रीजरमध्ये गेले. ताईंची तक्रार, तळं आणि जमीन आता त्या माशांच्या साक्षीवर होती. जाताना मला म्हणाल्या, "मामा, नीट कापा बरं. समदं ह्याच्यावरच हाय."

मी म्हटलं, "ताई, असा कापतो की बघत राहाल."

पोट उघडलं तेव्हा चरबीला वास आला. तोच, जळक्या तेलाचा. मी काय केलं असेल? नेहमीपेक्षा जास्त काळजीनं ती खरवडून काढली. एक कण ठेवला नाही. आयुष्यात इतका स्वच्छ पंगस मी कापला नव्हता. त्या दिवशीची डोकी घरी नेली का? नेली. आमच्या मंडळी म्हणाल्या, "कालवणाला कसला वास येतोय हो?" मी म्हटलं, "तुझ्या फोडणीचा."

रिपोर्ट आला. मासे निर्दोष. एक प्रत ताईंना गेली, एक खाद्यवाल्याला.

खाद्यवाल्यानं ताईंना आपण होऊन फोन केला, अभिनंदन केलं आणि मासे विकायला सुरुवात करा म्हणाला. दीर म्हणाला, सर्टिफिकेट मिळालंय, आता वासाचं कौतुक बास. या सगळ्यांत एकच माणूस विकायला तयार नव्हता, ज्याचे मासे होते तो. ताई दुसऱ्या दिवशी रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून लॅबमध्ये हजर. साहेबांच्या केबिनमध्ये मॅडम होत्या. मोहर शाबूत होती की नाही हे सांगायला मलाही बोलावलं. मी घरी निघालो होतो, पिशवीसकट जाऊन खुर्चीवर बसलो.

"हे बघा," साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनला कशाला बोलू, साहेब? पर चार दिवस उन्हात पडून बी खाद्याचा वास जाईना, आन् मासा दोन महिनं खाऊन कोरा निघतो? मग गेलं कुठं ते?"

मॅडम कागद बघत होत्या. कपाळाला आठी. "मला एक गोष्ट कळत नाहीये. यात चरबी फारच कमी आलीय. ताई, मासे उपाशी ठेवले होते का तुम्ही?"

"उपाशी? ढेऱ्या सुटल्यात त्यांच्या."

"मग पंगसात एवढी कमी चरबी? रोडके, आजारी मासे तर नव्हते?"

हे ऐकून मला राहवेना. रोडका मासा मी कापीन?

"अहो मॅडम, रोडका कसला! बोटभर चरबी होती. सगळी काढली मी. माझ्या हातच्या पंगसात चरबी सापडली तर नाव बदलीन."

मॅडमनी हातातला कागद टेबलावर ठेवला. वरच्या क्लासात कुणीतरी फळ्यावर डस्टर आपटत होतं, तेवढा आवाज.

"सगळी काढलीत?" मॅडम हळूच म्हणाल्या.

"कातडीसकट."

"दर वेळेला?"

"म्हणजे काय! एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं मी कापत नाही."

मॅडमनी दोन्ही मास्क खाली ओढले. त्यांचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "काका, आपण जे शोधतो ते पाण्यात राहत नाही. मांसातही फारसं राहत नाही. चरबीत जाऊन बसतं. आणि बरेच लोक पंगस कातडीसकट, चरबीसकट खातात, म्हणून तसाच तपासायचा असतो. तुम्ही साक्षीदार बाहेर काढून रिकामी खुर्ची माझ्याकडे पाठवत होता."

"मग आधी सांगायचं."

"भिंतीवर लिहिलंय."

"इंग्रजीत लिहिलंय."

"आणि खाली रोज सही करता, वाचले व समजले?"

"तुम्ही दार उघडून एकदा तरी बघितलंत का, काय समजलंय ते?"

त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "काढलेली चरबी कुठे टाकता?"

"मांजरांना," मी म्हटलं आणि खुर्चीखालची पिशवी पायानं मागं सरकवली. आयुष्यात मी वजनात खोटं केलं नाही, पण हे खोटं बोललो.

साहेबांना मांजरांची काळजी नव्हती. ते म्हणाले, "झालं ते झालं. रिपोर्ट गेलेला आहे. परत मागवला तर लॅबचं नाव जाईल. पुढच्या वेळेपासून काका नीट कापतील."

"पुढल्या येळंला माझं तळं असंल का?" ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "खाद्यवाला हाच कागद नाचवतोय. दीर म्हणतो, मासं इक न्हाईतर जमीन इक. मी काय करू? इमारतीतल्या लेकरांना घालू हे?"

साहेब टेबलावरचा पेन सरळ करत बसले. मला त्यांचा राग आला. ताईंची दया आली म्हणून राग आला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं तसं नाही. 'काका नीट कापतील' हे शब्द मला लागले. मी नीटच कापलं होतं. उभ्या पुण्यात तसं कुणी कापून दाखवावं. चुकलं होतं ते यांचं, आणि ते झाकायला माझ्या हाताचं नाव पुढं करत होते.

"फ्रीजरमध्ये जोडीचे दोन आहेत, मोहर लावलेले," मी म्हटलं. "ते काढा. जुना रिपोर्ट परत घेतला असं पत्र लिहा. नाहीतर उद्यापासून मी बाहेर पायरीवर बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला इथं मासा कसा कापतात ते समजावून सांगतो. मला वेळच वेळ आहे. घरी माझी कुणी वाट बघत नाही."

पत्र त्याच दुपारी मॅडमनी लिहिलं. साहेबांनी सही केली, पण माझ्यासारखी झोकात नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम मागच्या खोलीत आल्या. ठोकळ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि भिंतीवरचा कागद मोठ्यानं मराठीत करून सांगू लागल्या. पर काढा. आतडी काढा. कातडी ठेवा. पोटाची कड ठेवा. चरबी ठेवा. प्रत्येक 'ठेवा'ला माझा सुरा आपोआप काढायला जायचा आणि त्या म्हणायच्या, "काका." पोट उघडल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला, एक हात भिंतीला गेला, पण पाय हलला नाही. एवढं मात्र मान्य केलं पाहिजे. बरणीत जे गेलं ते पिवळट, तेलकट, मेणासारखं. मला ते बघवत नव्हतं. बाजारात असलं दिलं असतं तर गिऱ्हाइकानं माझ्याच तोंडावर मारलं असतं.

हात धुताना मी सहज विचारलं, "मॅडम, समजा एखाद्या मांजरानं ही डोकी आणि चरबी वर्षभर खाल्ली, तर?"

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "एकदम काही होत नाही. हळूहळू साठतं. मांजरानं आता थांबावं. आणि मांजराच्या घरच्यांनाही सांगावं."

घरी येऊन सांगितलं. आमच्या मंडळींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "फोडणी माझी होती, नाही का?" ते वाक्य अजून आठवड्यातून दोनदा ऐकतो.

नवा रिपोर्ट आला. जे खाद्यात, तेच माशात. मॅडमनी तो ताईंच्या हातात दिला. सरकारी कचेरीत ताईंची तक्रार त्याच्या जोरावर उभी राहिली. खाद्यवाल्याचा फोन आता लागत नाही. मी स्वच्छ कापलेल्या बाकीच्या माशांचे जुने रिपोर्ट मॅडमनी शोधून टेबलावर काढले आहेत. संध्याकाळी साहेब ते परत कपाटात ठेवतात, सकाळी मॅडम पुन्हा काढतात. अजून चाललंय.

पण साक्ष खरी ठरली म्हणजे मासे गेले. तळ्यातला एकही मासा कुणाच्या पोटात जाता कामा नये. ते बाहेर काढून खोल खड्ड्यात चुन्याखाली पुरायचे, मग तळाचा गाळही तपासायचा, असं ठरलं. ताईंनी मला बोलावलं नव्हतं. मी गेलो.

जाळ्यातून मासे निघत होते. काय मासे होते! एकेक हातभर, तुकतुकीत. ताई काठावर उभ्या राहून मोजल्यासारख्या बघत होत्या, मोजत मात्र नव्हत्या. दीर लांब मोटारसायकलवर बसून होता. म्हणाला, "वहिनी, झालं का समाधान?"

"झालं," ताई म्हणाल्या. "उतरा आन् पाटी उचला."

तो उतरला. त्यांचा आवाजच तसा होता.

इमारतींच्या बाल्कन्यांत माणसं आली. मग खाली आली. पिशव्या घेऊन. पहिला एक जण, गळ्यात ऑफिसचं कार्ड. "अंकल, फ्रेश दिसतायत. दोन द्या ना."

"हे खायचे नाहीत."

"का? काय झालंय?"

मी सांगितलं. त्यानं नीट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "ओके. पण चरबी काढून दिली तर चालेल ना?"

दुसरा म्हणाला, एवढ्यानं काही होत नसतं. तिसरी बाई म्हणाली, तिच्या कुत्र्यासाठी पाहिजे. जन्मभर मी माणसांना मासा घ्या म्हणून हाका मारल्या, आणि आता घेऊ नका म्हणून ओरडत होतो तर कुणी ऐकेना. आमचं लक्ष जाळ्याकडं असताना खड्ड्याच्या कडेचे दोन मासे गेलेसुद्धा.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. "मामा, असं करा की कुनी हात लावनार न्हाई."

मी सुरा काढला. खड्ड्याच्या काठावर पोतं टाकून बसलो आणि एकेक मासा घेऊन तो नासवायला लागलो. आडवे घाव, तिरपे घाव. पित्ताची पिशवी फोडून मांसात कालवली, आतडी पाठीवर पसरली, वर फिनेल. हात ऐकत नव्हता. दर माशाला पहिला घाव बरोबर कल्ल्यामागं, जिथं पडायला पाहिजे तिथंच पडायचा, आणि मग मला मुद्दाम चुकायला लागायचं. दुपार अशीच गेली. ताई चुना टाकत होत्या.

कुंपणाशी गर्दी होतीच. त्यातले एक गृहस्थ बराच वेळ माझे हात निरखत होते. शेवटी शेजारच्याला म्हणाले, "म्हाताऱ्याला कापायचं काही अंग दिसत नाही."

मी मान वर केली नाही. पुढचा मासा घेतला.